विश्लेषण : फ्लॉपीतली नक्षी आणि कर्नेलचा ‘सुटा भाग’

जुनी फ्लॉपी किंवा टेप कपाटात शाबूत आहे, ड्राइव्हही चालू आहे. पण आजच्या संगणकाला तो ओळखता येत नाही. अशा साधनाचा जुना ड्रायव्हर कर्नेलच्या गाभ्यातून बाहेर काढून हवा तेव्हा जोडता येईल असे मॉड्यूल बनवणे, हा त्यावरचा स्वस्त आणि शहाणा उपाय आहे. सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम हाती का घ्यावे, याचा हा ऊहापोह.

साडेतीन इंची फ्लॉपीचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये तिची विक्री थांबवली. जुलै २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेलमधील फ्लॉपी ड्रायव्हरवर ‘अनाथ’ असा शेरा मारला. कारण साधे होते. देखभाल करणाऱ्या अभियंत्याकडे चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. पुढे दुसऱ्या विकसकाने जबाबदारी घेतल्याने तो ड्रायव्हर वाचला. जुन्या आयडीई हार्ड डिस्कच्या मूळ ड्रायव्हर संचाला ते भाग्य लाभले नाही. २०२१ मध्ये आलेल्या ५.१४ या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. त्याचे काम ‘लिबएटीए’ हा नवा संच आधीपासून करत होता, म्हणून कोणाचे फारसे बिघडले नाही. पण प्रत्येक जुन्या साधनाला असा वारसदार मिळतोच असे नाही.

प्रश्न फ्लॉपीच्या आठवणींचा नाही. कोणत्याही साठवण साधनावरची माहिती वाचायला तीन गोष्टी लागतात : माध्यम, यंत्र आणि दोघांची भाषा संगणकाला समजावणारा ड्रायव्हर. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या जपल्या जातात. तिसरी दिसत नाही. ती एखाद्या अद्ययावतीकरणात गुपचूप नाहीशी होते आणि कपाटातल्या चांगल्या डिस्कचा एका दिवसात निरुपयोगी पुठ्ठा होतो.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, फाइल कुठे लिहायची हे सारे कर्नेल ठरवते. पण समोर कोणते यंत्र जोडले आहे आणि त्याच्याशी कसे बोलायचे, हे प्रत्येक यंत्रासाठी वेगळे लिहावे लागते. तो कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. त्याला दुभाषा म्हणता येईल.

फ्लॉपीचे उदाहरण घेऊ. साडेतीन इंची डिस्कच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ विभाग आणि प्रत्येक विभागात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४ लाख ७४ हजार ५६० बाइट होतात. यालाच आपण १.४४ एमबी म्हणत आलो. ड्रायव्हरला आधी मोटर सुरू करावी लागते, ती वेगात येईपर्यंत थांबावे लागते, वाचक शीर्ष योग्य मार्गावर न्यावे लागते, मग विभाग वाचून मेमरीत उतरवावा लागतो. काम झाले की यंत्र ‘इंटरप्ट’ पाठवते, म्हणजे प्रोसेसरला टिचकी मारते. काही वेळ कोणी काही मागितले नाही, तर मोटर बंद करण्याची जबाबदारीही ड्रायव्हरचीच. पीसीवर या कामासाठी सहाव्या क्रमांकाचा इंटरप्ट आणि दुसऱ्या क्रमांकाची डीएमए वाहिनी ठरलेली असे. हे बारकावे फ्लॉपीवर लिहिलेले नसतात, ते ड्रायव्हरमध्येच असतात. ड्रायव्हर गेला की ते ज्ञानही जाते.

गाभ्यात शिवलेला ड्रायव्हर आणि मॉड्यूल यांत फरक काय?

सोलापूरकरांना हा फरक जकार्डवरून चटकन कळेल. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ मारी जकार यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती आली. तिने नक्षी मागापासून वेगळी केली. पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथे छिद्र, तिथला उभा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तर तो खालीच राहतो. एका आडव्या धाग्यासाठी एक कार्ड, अशी कार्डांची माळ. मोर काढायचा असेल तर मोराची माळ, वेलबुट्टी हवी असेल तर वेलबुट्टीची. माग तोच राहतो.

गाभ्यात शिवलेला ड्रायव्हर म्हणजे एकच नक्षी कायमची बसवलेला माग. संगणक सुरू होतानाच तो मेमरीत येतो आणि बंद होईपर्यंत तिथेच बसतो, समोर यंत्र असो वा नसो. मॉड्यूल म्हणजे माळ. एक आज्ञा दिली की ते चालू कर्नेलला जोडले जाते, दुसरी आज्ञा दिली की सुटते. लिनक्समध्ये या आज्ञांची नावे ‘इन्समॉड’ आणि ‘आरएममॉड’. मॉड्यूलला लागणारी इतर मॉड्यूल शोधून सारी क्रमाने जोडण्याचे काम ‘मॉडप्रोब’ करते. माळ बदलायला माग थांबवावा लागतो, मॉड्यूल जोडायला संगणक थांबवावा लागत नाही, एवढाच या उपमेतला फरक.

या सोयीचा इतिहासही साठवण साधनांशी जोडलेला आहे. लिनक्स कर्नेलच्या श्रेयनामावलीत बास लारहोव्हेन यांच्या नावापुढे दोन कामे नोंदलेली आहेत : जोडता येणारी मॉड्यूल आणि ‘एफटेप’ ड्रायव्हर. एफटेप हा नव्वदच्या दशकातील स्वस्त टेप ड्राइव्हचा दुभाषा. हे ड्राइव्ह फ्लॉपीच्याच कंट्रोलरला जोडले जात. एका वेळी फ्लॉपी किंवा टेप, दोन्ही एकत्र नाही. हवे तेव्हा जोडता आणि सोडता येणाऱ्या ड्रायव्हरची गरज अशा यंत्रांना किती असेल, हे सांगायला नको. २००६-०७ च्या सुमारास एफटेप मुख्य कर्नेलमधून बाहेर पडला. मॉड्यूलची कल्पना मात्र सगळीकडे पोहोचली. अँड्रॉइड १२ च्या काळापासून ५.१० आणि पुढच्या कर्नेलवर येणाऱ्या नव्या फोनमध्ये गुगलचा एकसमान गाभा असतो आणि त्या त्या कंपनीच्या यंत्रांचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलच्या रूपात जोडले जातात. खिशातला फोन आज याच तत्त्वावर चालतो.

मग जुने ड्रायव्हर काढून का टाकले जातात?

कर्नेलची देखभाल करणाऱ्यांवर निष्काळजीपणाचा आरोप करणे सोपे आहे, पण योग्य नाही. त्यांच्या बाजूला तीन भक्कम कारणे आहेत.

पहिले कारण सुरक्षिततेचे. कोणी न वापरलेला संकेतही हल्लेखोराला उघडे दार ठरू शकतो. २०१४ मध्ये फ्लॉपी ड्रायव्हरमध्ये अशा दोन त्रुटी सापडल्या, की फ्लॉपी उपकरण उघडण्याची मुभा असलेला साधा वापरकर्ता त्या एकत्र वापरून संपूर्ण यंत्रावर ताबा मिळवू शकत होता. २०१५ मध्ये ‘व्हेनम’ या नावाने गाजलेली त्रुटी क्यूईएमयू या आभासी संगणक प्रणालीच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती. ज्या सर्व्हरवर कोणी कधी फ्लॉपी पाहिली नसेल, तेही तिच्यामुळे धोक्यात आले.

दुसरे कारण बदलत्या अंतर्रचनेचे. लिनक्स बाहेरच्या कार्यक्रमांना दिलेला शब्द कसोशीने पाळते, मात्र आतल्या ड्रायव्हरांना असा कोणताही शब्द देत नाही. हे धोरण ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहून ठेवले आहे. आतले काही बदलले, की त्यावर अवलंबून असलेले सारे ड्रायव्हर दुरुस्त करावे लागतात. ज्या ड्रायव्हरची चाचणी घेणारा एकही माणूस उरलेला नाही, तो आंधळेपणाने दुरुस्त करत राहणे धोक्याचे असते.

तिसरे कारण माणसांचे. देखभाल करणाऱ्यांचा वेळ मर्यादित आहे. जगात मोजक्या ठिकाणी उरलेल्या यंत्रासाठी तो खर्चणे सर्वांच्या हिताचे नाही.

ही तिन्ही कारणे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ‘सर्वांच्या संगणकात नको’ आणि ‘कोणाच्याच संगणकात नको’ यांत फरक आहे. गाभ्यातून ड्रायव्हर काढणे बरोबर असू शकते, पण तो जगातून नाहीसा होऊ देणे बरोबर नाही. मॉड्यूल हा या दोन टोकांमधला मार्ग आहे. ज्याला गरज आहे त्याने, गरजेपुरता, एका वेगळ्या संगणकावर जोडावा. बाकीच्यांना त्याचा भार नको.

सोलापूरचा याच्याशी काय संबंध?

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन आहे. या ओळखीचा मोठा भाग म्हणजे नक्षी, आणि नक्षी हीसुद्धा माहितीच असते. पुठ्ठ्याच्या कार्डाची एक सोय होती : छिद्रे डोळ्यांनी दिसतात. माग मोडला तरी जाणकार माणूस कार्डावरून नक्षी पुन्हा कागदावर उतरवू शकतो. वस्त्रोद्योगात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणि भरतकामाची संगणकीय यंत्रे आली तेव्हा कार्डांची जागा फाइलने घेतली. अनेक यंत्रांत ती फाइल मागापर्यंत नेण्याचे साधन फ्लॉपीच होते. जुन्या यंत्रांवर फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हचा डबा बसवून देण्याचा धंदा आजही चालतो, तो त्यामुळेच. मागाची सोय त्या डब्याने होते, पण आधीच्या फ्लॉपींवरच्या नक्षीचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

‘बाजारात यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, तो लावा’ हे उत्तर इथे बऱ्याचदा अपुरे पडते. यूएसबी ड्राइव्ह पीसीच्या ठरलेल्या मांडणीच्या डिस्क वाचतात. यंत्रे बनवणाऱ्या काही कंपन्यांनी मात्र आपली स्वतःची मांडणी वापरली होती. कुठे विभागांची संख्या वेगळी, कुठे त्यांचा आकार वेगळा. यूएसबी ड्राइव्ह मधल्या चिपमार्फत बोलतो आणि अशी डिस्क ‘फॉरमॅट केलेली नाही’ असे सांगून मोकळा होतो. कर्नेलचा मूळ फ्लॉपी ड्रायव्हर मदरबोर्डवरील कंट्रोलरशी थेट बोलतो आणि त्याला कच्च्या आज्ञा देण्याची मुभा देतो. वेगळ्या मांडणीच्या पुष्कळ डिस्क या वाटेने वाचता येतात. म्हणजे ज्या ड्रायव्हरला जग मृत समजते, तोच एखाद्या जुन्या डिझायनरच्या डब्यातील नक्षीपर्यंत जाणारा रस्ता असू शकतो.

हे यंत्रमागापुरते नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, सहकारी संस्था, छापखाने, सर्वेक्षणे करणारी कार्यालये यांनी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही फ्लॉपी, टेप, झिप डिस्क अशा साधनांवर विश्वास टाकला होता. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मधील व्याख्येत संगणकाने तयार केलेली सामग्रीही अभिलेख मानली आहे. कायद्याने जपायचा अभिलेख ड्रायव्हरअभावी वाचता आला नाही, तर तो जपला असे म्हणता येणार नाही.

जुन्या माहितीला खरेच एवढे मोल असते?

महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. त्या मूळ नोंदी जपलेल्या होत्या, म्हणून पुढे नव्या पद्धतीने त्यांचे पुन्हा विश्लेषण करता आले. २०१७ मध्ये त्यातून सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. माहिती गोळा करताना जी पद्धत हाताशी नव्हती, तिने नंतर जुन्या नोंदींतून नवे काढले. नोंदीच वाचता आल्या नसत्या, तर हे घडले नसते.

उलट उदाहरण ब्रिटनचे. १०८६ च्या प्रसिद्ध ‘डूम्सडे बुक’ या जमीन नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशाचे नवे चित्र लेसर डिस्कवर नोंदवले. पंधराएक वर्षांतच ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. मूळ नोंदवही मात्र अजूनही वाचता येते. शेवटी जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम लिहून संशोधकांना ती माहिती सोडवावी लागली. अमेरिकेत १९६६-६७ मधील चांद्रयानांच्या छायाचित्रांच्या टेप वाचण्यासाठी जुनी अ‍ॅम्पेक्स यंत्रे दुरुस्त करावी लागली. नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या जागेत बसून एका छोट्या गटाने हे काम केले आणि २००८ मध्ये त्यातून चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट चित्र मिळवले. दोन्ही ठिकाणी उशिरा झालेले काम महाग पडले.

रूपांतर करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

जुना ड्रायव्हर मॉड्यूल करणे म्हणजे बांधणीच्या फाइलमध्ये एक अक्षर बदलणे, असा अनेकांचा समज असतो. कर्नेलच्या मांडणीत प्रत्येक घटकापुढे ‘वाय’, ‘एम’ किंवा ‘एन’ लिहिता येते : गाभ्यात हवा, मॉड्यूल हवा किंवा नकोच. पण जो ड्रायव्हर मॉड्यूल होण्याच्या तयारीने लिहिलेलाच नाही, त्याच्या बाबतीत खरे काम पुढे असते.

पहिली पायरी प्रवेशाची. गाभ्यातला ड्रायव्हर संगणक सुरू होताना आपोआप हाकारला जातो. मॉड्यूलला स्वतःचे प्रवेशद्वार लागते. तिथे यंत्र खरोखर आहे का ते पाहायचे, त्याचे पत्ते, इंटरप्ट आणि डीएमए वाहिनी राखून ठेवायची, मग कर्नेलला ‘नवी डिस्क आली’ असे कळवायचे. यातली तिसरी गोष्ट फसली, तर आधीच्या दोन उलट क्रमाने सोडून द्यायला हव्यात. जुन्या ड्रायव्हरांत ही काळजी बऱ्याचदा नसते, कारण तेव्हा अपयश म्हणजे संगणक पुन्हा सुरू करणे एवढेच असे.

दुसरी पायरी निर्गमनाची, आणि हीच सर्वांत अवघड. गाभ्यात बसलेल्या ड्रायव्हरला कधी बाहेर पडायचेच नसते. त्यामुळे आवरून जाण्याचा भाग त्यात लिहिलेलाच नसतो. फ्लॉपीची मोटर काही सेकंदांनी बंद करण्यासाठी लावलेले घड्याळ घ्या. मॉड्यूल काढले, पण घड्याळ रद्द करायचे राहिले, तर वेळ होताच कर्नेल अशा ठिकाणी उडी मारते जिथे आता तो संकेतच नाही. परिणामी संगणक कोलमडतो. म्हणून निघण्यापूर्वी घड्याळे थांबवणे, अर्धवट कामे पुरी होऊ देणे, इंटरप्ट सोडणे आणि राखलेली प्रत्येक वस्तू परत करणे भाग असते. डिस्क कोणी उघडून बसले असेल, तर मॉड्यूलला निघण्याची परवानगीच मिळता कामा नये. त्यासाठी वापरकर्त्यांची मोजणी ठेवावी लागते.

तिसरी पायरी शेजाऱ्यांची. गाभ्यातल्या संकेताला गाभ्यातले जवळपास कोणतेही सामाईक फंक्शन वापरता येते. मॉड्यूलला मात्र कर्नेलने जाहीरपणे खुले केलेलेच वापरता येते. त्यातलेही अनेक जीपीएल परवाना घोषित करणाऱ्या मॉड्यूललाच मिळतात. जुना ड्रायव्हर ज्या आतल्या वाटांनी ये-जा करत होता, त्यातल्या काही बंद असतात आणि पर्याय शोधावा लागतो.

चौथी पायरी काळाची. वीस-पंचवीस वर्षांत कर्नेलचे आतले जग बदलले आहे. पूर्वी एका आज्ञेने साऱ्या प्रोसेसरांवरचे इंटरप्ट थांबवता येत, आता प्रत्येक सामाईक गोष्टीला स्वतंत्र कुलूप लागते. संपूर्ण कर्नेलला लागणारे एकच मोठे कुलूप २०११ मध्ये कायमचे हद्दपार झाले. घड्याळ लावण्याची जुनी पद्धत ४.१५ या आवृत्तीत गेली. साठवण साधनांसाठी सर्वांत मोठा बदल म्हणजे मागण्यांची रांग. एका रांगेची जुनी व्यवस्था २०१९ च्या ५.० आवृत्तीत संपली आणि अनेक रांगांची नवी व्यवस्था सर्वांना सक्तीची झाली. फ्लॉपी एका वेळी एकच मागणी पुरी करत असली तरी तिच्या ड्रायव्हरला हीच नवी भाषा बोलावी लागते.

या चारही पायऱ्यांत नवे असे काही शोधून काढायचे नसते. दुसऱ्याने लिहिलेला जुना संकेत शांतपणे वाचणे, त्याने काय गृहीत धरले होते ते ओळखणे आणि ते गृहीतक आज खरे आहे का हे तपासणे, हेच मुख्य काम आहे.

मॉड्यूल केले की प्रश्न सुटला?

नाही. मॉड्यूल म्हणजे वेगळी, सुरक्षित खोली नव्हे. एकदा जोडले की त्याला गाभ्याएवढेच अधिकार मिळतात आणि त्याची चूक म्हणजे गाभ्याची चूक. म्हणून असे मॉड्यूल रोजच्या कामाच्या संगणकावर जोडू नये. वेगळा, इंटरनेटपासून तोडलेला संगणक ठेवावा आणि मॉड्यूल आपोआप जोडले जाऊ नये यासाठी त्याला वर्ज्य यादीत टाकावे. सुरक्षित बूट चालू असलेल्या संगणकावर त्याला डिजिटल स्वाक्षरीही लागते.

शिवाय मॉड्यूल ज्या कर्नेलसाठी बांधले, त्याच्याशीच जुळते. कर्नेल अद्ययावत झाले की ते पुन्हा बांधावे लागते. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आणलेली ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था पुनर्बांधणी आपोआप करते. पण आतली रचनाच बदलली असेल, तर माणसालाच हात घालावा लागतो.

पर्यायही आहेत. फ्लॉपीपुरते बोलायचे तर ग्रीझविझलसारखे खुल्या रचनेचे छोटे बोर्ड डिस्कवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम साध्या कार्यक्रमावर सोपवतात. त्यांना कर्नेलच्या फ्लॉपी ड्रायव्हरची गरजच नसते. जुना संगणक जुन्या लिनक्ससह जपून ठेवणे हाही मार्ग आहे, त्याचे विजेचे भाग टिकतील तोवर. जिथे हे पर्याय चालतात तिथे ते जरूर वापरावेत. पण जुने टेप ड्राइव्ह, स्वतःचे वेगळे कार्ड घेऊन येणारी साधने अशा अनेक यंत्रांसाठी ग्रीझविझलसारखा तयार बोर्ड हाताशी नसतो. तिथे ड्रायव्हर हाच रस्ता उरतो.

हे काम कोणी करायचे?

मोठ्या कंपन्या करणार नाहीत, त्यात नफा नाही. कर्नेलचे देखभालकर्ते करणार नाहीत, त्यांच्याकडे यंत्रे नाहीत. ज्यांच्याकडे यंत्रे आहेत त्या संस्थांकडे कौशल्य नाही. या तिघांच्या मधली जागा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसह सोलापूर जिल्ह्यात संगणक अभियांत्रिकी शिकवणारी अनेक महाविद्यालये आहेत. यंत्रमाग कारखाने तिथून रिक्षाच्या अंतरावर आहेत.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत ग्रंथालय व्यवस्थापन आणि हजेरीच्या अ‍ॅपची गर्दी असते, ही तक्रार जुनी आहे. असा प्रकल्प सादर होतो, गुण मिळतात आणि कोणी पुन्हा उघडत नाही. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांच्या गटाने एखादा जुना ड्रायव्हर आजच्या कर्नेलवर मॉड्यूल म्हणून चालवून दाखवला, तर इंटरप्ट, कुलपे, मेमरी, रांगा हे पाठ्यपुस्तकातले शब्द त्यांच्या हाताखालून जातील. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. क्यूईएमयू आभासी फ्लॉपी कंट्रोलर देते. सुरुवातीच्या साऱ्या चुका तिथे करता येतात आणि कोलमडलेला आभासी संगणक काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. खऱ्या डिस्कला हात लावायची वेळ त्यानंतर येते. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पासारखे मुक्त सॉफ्टवेअरचे व्यासपीठ आणि त्याच संस्थेतून आलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठीतले धडे हाताशी आहेत.

मात्र काही पथ्ये हवीत. प्रकल्पाची सुरुवात ड्रायव्हरपासून नव्हे, माहितीपासून व्हावी : कोणाकडे कोणती साधने आहेत, त्यावर काय असावे, ते कोणाच्या मालकीचे आहे. नक्षी ही कारखानदाराची किंवा डिझायनरची मालमत्ता आहे. प्रत काढून देणे वेगळे आणि ती वाटणे वेगळे. बुरशी लागलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नये, त्याने शीर्ष खराब होते आणि पुढची चांगली डिस्कही बिघडते. वाचताना आधी संपूर्ण डिस्कची विभागवार प्रतिमा घ्यावी, खराब विभागांची नोंद ठेवावी, प्रतिमेची पडताळणी संख्या लिहून ठेवावी आणि मूळ डिस्कवर काहीही लिहू नये. ‘डीडीरेस्क्यू’सारखी मोफत साधने यासाठीच आहेत. शेवटी मॉड्यूलचा संकेत जीपीएल परवान्याखाली खुला ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

विद्यापीठाने अशा कामाला प्रकल्प म्हणून मान्यता आणि गुण द्यावेत, उद्योजकांच्या संघटनांनी जुन्या साधनांची यादी करावी, सरकारी कार्यालयांनी आपल्या कपाटांची तपासणी करावी. यातल्या कोणत्याच गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती घाई, कारण वेळ दोन्ही बाजूंनी कमी होत आहे. चुंबकीय माध्यम दरवर्षी थोडे क्षीण होते आणि कर्नेल दर दोन-तीन महिन्यांनी पुढे सरकते.

किती काळ सांभाळायचे?

जुने ड्रायव्हर कायमचे जिवंत ठेवावेत, असा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. ते कोणालाच परवडणार नाही. त्यांचे काम एकदाच आहे : कपाटातल्या शेवटच्या डिस्कची शेवटची प्रत निघेपर्यंत टिकणे. त्यानंतर ती माहिती आजच्या साध्या, खुल्या स्वरूपात दोन-तीन ठिकाणी सुरक्षित ठेवली, की ड्रायव्हर सुखाने निवृत्त होऊ शकतो. म्हणूनच मॉड्यूल हे रूप त्याला शोभते. गरज असेपर्यंत जोडावे, काम झाले की सोडावे. आज मात्र क्रम उलटा पडतो आहे. ड्रायव्हर आधी निघून जात आहे आणि प्रत काढायची राहून जात आहे. तो क्रम सरळ करणे एवढेच काम आहे, आणि ते सोलापुरात बसून होण्यासारखे आहे.